चिंचेने उजळलेले बुश

महाड,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

इतक्या दिवसांनी माझं पत्र आलेलं पाहून तुझ्या मनात आधी आईची शंका येईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आई ठीक आहे. गुडघा दुखतो, पण घरात आणि अंगणात तिचं फिरणं चालू असतं. आज तुळशीचं लग्न, निशाला दुपारी निघायचंय म्हणून यंदा संध्याकाळऐवजी आधीच लावणार आहोत. सकाळपासून तिने निशाला ऊस बांधायला, वृंदावन रंगवायला लावलं आहे.

एवढे दिवस गप्प राहिले त्याबद्दल क्षमा कर. आईच्या औषधांपुरतं आणि निशाच्या सुट्टीपुरतं आपण फोनवर बोलतो, पण त्याला बोलणं म्हणायचं का, हे तूच ठरव. तू गेल्यापासून मी तुला पत्रं सुरू केली नाहीत असं नाही. दर वेळी दुसऱ्या परिच्छेदात भांडण सुरू व्हायचं आणि मी कागद मिटून ठेवायचे. आज भांडायला तोंड उरलेलं नाही, त्यामुळे हे बहुधा पूर्ण होईल.

निशा आज दुपारच्या एसटीने पुण्याला आणि तिथून बंगलोरच्या गाडीने निघेल. पत्र तिच्याबरोबर देते आहे, म्हणजे उद्या सकाळी ते तुझ्या हातात असेल. "आत्या, व्हॉट्सअॅप कर ना, मिनिटात जाईल," म्हणाली. मिनिटात जायला नको म्हणून तर कागद घेतला, पण तिला म्हटलं, माझं अक्षर बिघडत चाललंय, सराव करते.

इकडे पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. तुडीलचं भात आडवं झालंय. काकांनी कापणी दोनदा पुढे ढकलली. सुप्रियावहिनीला सांग, तिने पाठवलेली साडी आईला आवडली. रंग फार उठतो म्हणत म्हणत तीच नेसून पाडव्याला बसली होती.

कारखान्याचं म्हणशील तर काम आहे. तपासणीच्या टेबलावर माझ्या हाताखाली आता अपेक्षा नावाची नाते गावची मुलगी असते, हुशार आहे. मशीनवरचा सहदेव तुझी आठवण काढतो. परवा नव्या पोरांना सांगत होता, "विनोददादा आस्ते ना, तर ह्यो बुश तुमच्या टकुऱ्यात घातला आस्ता." ही तुझी स्तुती आहे असं त्याला मनापासून वाटतं.

आता मुद्द्यावर येते.

असं लिहून मी उठले, चहा केला, निशाचा डबा भरला, आणि आता परत बसले आहे. तुला माहीत असलेलंच आधी सांगणार आहे. चीड येईल, पण क्रम लावल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझी रोजनिशीही अशीच असते, तू चोरून वाचायचास तेव्हाही होती.

तू बंगलोरला विमानाच्या कारखान्यात शिकून परत आलास आणि नाते गावाच्या रस्त्यावर, बाबांनी गुरांच्या वाड्यासाठी घेतलेल्या जागेवर शेड टाकलीस, तेव्हा गावाला कित्येक दिवस पुरेल एवढी करमणूक झाली. बाबा बाजारात गेले की कोणीतरी विचारायचंच, "काय मालोजीराव, इमान नात्याला उतरणार का तुडीलला?" बाबा घरी येऊन तोच प्रश्न तुला विचारायचे. पहिली वर्षं आपण पंपांचे सुटे भाग केले. मग पुण्याची कंपनी आली, जी आपल्यासारख्या लहान कारखान्यांकडून भाग करून घेते आणि पुढे विमान बनवणाऱ्यांना देते. आपल्या वाट्याला बुश आले. अंगठ्याएवढी पोकळ नळी, दाराच्या बिजागरीत दांड्याभोवती बसणारी. दांडा झिजू नये म्हणून आपण झिजणारी. मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन शाळेत अर्ज करत होते, तू म्हणालास, "मापं घ्यायला बस, तुझ्यासारखं संशयी माणूस मला पगार देऊन मिळणार नाही."

पुण्याचे साहेब पहिल्यांदा तपासणीला आले तो दिवस तुला आठवत असेल. शेडच्या दारात त्यांनी बूट काढले. आपण सगळे ओरडलो, "अहो साहेब, असू दे असू दे." ते म्हणाले, "इतकी स्वच्छ फरशी मी मोठ्या कारखान्यात पाहिली नाही. कोण ठेवतं?" आई घावनांची ताटली घेऊन मागे उभी होती. तिने ताटली त्यांच्यापुढे केली, आणि त्या दिवसापासून शेड तिची झाली. मशीन तुझं, मापं माझी, आणि जमीन, फळ्या, ट्रे, काचा सगळं तिचं.

आणि त्या साहेबांनी जाताना सांगितलेला नियम. विमानाचा भाग एकदा नापास झाला की नुसता बाजूला ठेवायचा नाही, कापून टाकायचा. कोणाच्या हातून चुकूनही परत आत येता कामा नये. सहदेव त्याला कान कापणं म्हणायला लागला, कारण त्याच्या पोलादपूरच्या वरच्या वाडीवर शेळ्यांचे कान खुणेसाठी कापतात. आजही आपल्या शेडमध्ये "ह्याचा कान काप" म्हटलं की नवीन माणूस आधी स्वतःचा कान धरतो.

मग एकवीसचा पूर.

गांधारी नदीचं पाणी शेडमध्ये माळ्याच्या फळ्यांखालपर्यंत चढलं होतं. ते उतरल्यावर तू दारात उभा राहिलास आणि म्हणालास, पाणी लागलेला एकूण एक नग कापायचा. चांगला असो, मोजलेला असो. पुराच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही, आणि धातूच्या आत काय सुरू झालंय तेही वरून दिसत नाही. तू आणि सहदेवने सगळा माल कापला. सहदेव कापताना रडत होता. वरच्या माळ्यावरचे थोडे ट्रे कोरडे राहिले होते, तेवढे वाचले. पाणी लागलेला सर्व माल नष्ट केला, असा दाखला तू सही करून पुण्याला पाठवलास. त्याच सहीवर कंपनीने आपल्याला परत काम दिलं.

त्यानंतर तू म्हणालास, ही जागा आता विमानाच्या कामाला नको, बंद करू. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मग आम्हालाही भंगारात घाल." तू सुप्रियावहिनी आणि मुलांना घेऊन बंगलोरला गेलास, आणि मी शेड चालू ठेवली. यात कोण बरोबर होतं हे मला आज ठरवायचं नाही.

गेल्या महिन्यात, दिवाळीच्या आधी, पुण्याची पेटी भरायला घेतली होती. या बुशाची मागणी क्वचित येते, म्हणून माळ्यावर कोरड्या राहिलेल्या त्या जुन्या बॅचमधलेच आपण अजून देतो आहोत. अपेक्षाने ट्रे उचलून खिडकीशी ठेवला आणि म्हणाली, "ताई, हे जुने आपल्या नव्यांपेक्षा देखणे दिसतात."

मी पाहिलं. खरंच देखणे होते. पण तो रंग मी आदल्याच दिवशी पाहिला होता, आपल्या अंगणातल्या ओट्यावर. दिवाळीसाठी चिंचेने घासलेल्या समया आणि तांबे तिथे उपडे घातले होते. चिंचेने घासलेल्या भांड्याचा रंग तुला सांगायला नको. पिवळ्याखालून गुलाबी झाक येते. नवं भांडं तसं दिसत नाही, पॉलिश केलेलंही तसं दिसत नाही. आपले बुश पितळेचे नाहीत, पण तांबं त्यांच्यातही आहे, आणि चिंच तांब्याला जे करायचं ते करतेच.

सगळे बुश मापात होते. व्यास बरोबर, गोलाई बरोबर. मी स्वतः मोजले. आपली मापयंत्रं रंग सांगत नाहीत.

ट्रे माळ्यावरचा नव्हता. पुरात बुडालेला होता, आणि कुणीतरी तो धुऊन, घासून, कोरड्या ट्रेच्या शेजारी आणून ठेवला होता. बॅच एकच, आकार एकच, ट्रेवर कोरलेला नंबरही तोच. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ट्रे भरलेला नव्हता. यातले काही आधीच्या पेट्यांतून गेले आहेत. माझ्या टेबलावरून, माझ्या तपासणीच्या शिक्क्याने.

पेटी मी थांबवली. पुण्याला मात्र कारण वेगळं दिलं. दिवाळीमुळे गाडी मिळत नाही, असं कळवलं. त्यांनी उलट शुभेच्छा पाठवल्या. आपल्या धंद्यात पहिल्यांदाच मी खोटं सांगितलं, आणि ते इतक्या सहज खपलं की मला माझीच भीती वाटली. भाऊबीजेला तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी तुला निरांजनाचं तबक दाखवलं आणि फोन आईकडे दिला.

वर मी "कुणीतरी" असं लिहिलं आहे. रोजनिशीतही दहा ठिकाणी तोच शब्द आहे. रंग पाहिला त्या क्षणी मला नाव माहीत होतं, दादा. आता तुलाही कळलं असेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई ओसरीत वाल सोलत बसली होती. मी जवळ बसून सोलायला घेतले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आई, पुरानंतर शेडमधलं घरी काय काय आणलं होतंस?"

"देव आनले. तुझ्या बापाचा फोटो आनला. तुझी सर्टिफिकिटं."

"अजून?"

"आनि हापिसातल्या कपाटातला ट्रे. का गो?"

"तो धुतलास?"

"धुतला म्हंजे!" तिचा चेहरा उजळला, दादा. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं याचाच तिला आनंद झाला. "चिखल वला व्हता तवाच काडला. सुकला की दगूड व्हतो, मंग निघत नाय. इनोद नि सहदेव तिकडं चांगला माल कापीत बसलेले, माझ्यानं बघवंना. म्हटलं येवढा तरी राहूं दे. चिंच लावून येकेक घासला. आतनं बोट फिरवून. लुगड्याच्या मऊ पदरानं पुसला. इनोद गेल्यावर नवं रॅक आलं ना, तवा रिक्षात मांडीवर घिऊन गेले नि जागच्या जागी ठेवला."

"आम्हाला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? घरातलं मानूस घरातलं काम करतं." मग वालाची शेंग हातात तशीच ठेवून तिने विचारलं, "कामाला आलं ना गो?"

या प्रश्नाचं उत्तर मी कसं दिलं ते मला नीट आठवत नाही. सांगितलं एवढं खरं. धातूच्या आत बारीक खड्डा पडतो, तो वर्षांनी फाटतो, बिजागरी अडकू शकते, असं काहीतरी. तिने पूर्ण ऐकलं.

"इमान पडंल?" तिने विचारलं.

"बहुतेक नाही. पण मला ठामपणे सांगता येत नाही."

"मंग ठाम नाय तर माझ्यावर कशाला घेतीस?" आणि मग तिचा आवाज चढला. "मी चोरी केली? चिखलात पडलं म्हनून टाकायचं म्हटलं तर आख्खं म्हाड टाकावं लागंल. ही भांडी टाक. ह्यो पाट टाक. मी गळ्यापत्तूर पान्यात व्हते माळ्यावर चडंपत्तूर, मलाच आधी कापा."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जे बोलायचं ते निशामार्फत. "निशा, तुझ्या आत्तीला सांग, जेवान झालंय." निशा दोघींच्या मध्ये उभी राहून सांगते, "आत्या, जेवण झालंय," आणि तिला हसू आवरत नाही. तिला वाटतं, साडीवरून काहीतरी बिनसलं आहे. म्हणजे आई ठीक आहे असं मी वर लिहिलं ते गुडघ्यापुरतं खरं आहे.

सहदेवला सांगावंच लागलं, कारण तो ट्रे बाजूला का काढलाय हे विचारत होता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ताई, कान कापून टाकू. ट्रेच नाय तर इषय नाय."

"आणि जे गेले ते?"

"गेलं ते गेलं. ते काय बोंबलत परत आलंत? इमानं उडतायत."

"उडतायत म्हणून..."

"तुमी शिकलेली मानसं. तुमाला येक दुखनं बरं झालं की दुसरं पायजे आस्तं." मग माझा चेहरा पाहून तो मऊ झाला. "बरं, सांगायचंच आसंल तर माझं नाव टाका. सहदेवनी ट्रेची अदलाबदल केली म्हना. मला काय, वाडीवर शेळ्या हायत. म्हातारीला कशाला मधी आनताव?"

मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं असं मात्र नाही. खोटं बोलत नाही मी तुला, क्षणभर मी त्या वाक्याकडे पाहत राहिले. किती सोयीचं होतं. कंपनीला चूक करणारं माणूस हवं असतं आणि सहदेव स्वतः पुढे आला होता. मग लक्षात आलं, एकदा ते नाव लागलं की या धंद्यात त्याला कोणी दारात उभं करणार नाही, आणि पुण्याच्या अहवालात 'केलेली सुधारणा' म्हणून मी काय लिहिणार? सहदेवला समज दिली? ज्याने केलंच नाही त्याला?

गेले दोन आठवडे मी हाच विचार चारी बाजूंनी करते आहे. पुण्याला सांगितलं तर ते गेलेले बुश शोधून काढतील, विमानांतून उतरवतील. आपली मान्यता काढून घेतील, निदान काही काळ, आणि काही काळ म्हणजे आपल्यासारख्यांना कायमच. पंपांच्या कामावर शेड चालेल, पण सगळी माणसं ठेवता येणार नाहीत. अपेक्षाने नुकतंच घरी सांगितलंय की लग्नाचं पुढच्या वर्षी बघा. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. हा शब्द मी आधी किती सहज वापरायचे!

मी स्वतःला असंही विचारलं की माझी ही कसोशी म्हणजे सचोटी की नुसती भीती? उद्या काही झालं आणि माझ्यापर्यंत आलं तर, म्हणून मी हात धुऊन घेते आहे का? आईने ट्रे धुतला तो माल वाचावा म्हणून. मी धुते आहे ते स्वतःला. या दोन धुण्यांतलं कुठलं चांगलं, हे मला खरंच सांगता येत नाही. पण बिजागरीपलीकडे जी माणसं बसतात त्यांना आपल्या घरातलं कोणीच माहीत नाही. त्यांनी आपल्यावर विश्वास टाकलाय तो माणसं बघून नाही, शिक्का बघून. माझ्याकडचे सगळे युक्तिवाद उलटसुलट करून झाले तरी एवढं एक जागचं हलत नाही.

आता तुझं. हे लिहायचं टाळता टाळता इथवर आले.

सर्व माल नष्ट केला, या दाखल्यावर तुझी सही आहे. तू ती खरी समजून केलीस. तुला कुणी खोटं सांगितलं नव्हतं, कुणाला ठाऊकच नव्हतं. पण मी कळवलं की तो दाखला चुकीचा ठरतो. तू आता बंगलोरला जिथे आहेस तिथेही तुझं काम सहीचंच आहे. हे क्षेत्र केवढं लहान आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुला पुण्याहून कोणाचा तरी फोन येऊन कळावं, हे मला सहन झालं नसतं. मी उद्या दुपारी त्यांना कळवणार आहे. सकाळी हे वाचून तुझ्या वरिष्ठांना तुझ्या तोंडून आधी सांगता येईल, एवढा वेळ तुझ्या हातात आहे. परवानगी मागत नाही. मागितली असती तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे असं वाटतं, आणि माझा अंदाज चुकला असता तर मला फार वाईट वाटलं असतं, म्हणूनही मागत नाही.

आणखी एक, मग संपवते. हे लिहिताना मी स्वतःला विचारलं, पुरानंतर शेड बंद करायला निघालेल्या तुझीही सही चुकलेली निघाली, याचं मला कुठेतरी बरं वाटतं आहे का? उत्तर "नाही" असंच यायला हवं होतं. पूर्ण तसं आलं नाही. ही माझी लायकी तुला कळलेली बरी. आणि जागा या कामाला नको म्हणालास, त्यात तू जागेबद्दल बोलत होतास. मी ते आमच्याबद्दल ऐकलं. त्याबद्दल माफ कर.

इथे मी सही करणार होते. पण मध्येच एक झालं, ते लिहिलं पाहिजे.

आई आत्ता दारात येऊन उभी राहिली. हातात तुळशीपुढे ठेवायचे बोर-आवळे. निशा अंगणात होती, मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

"इन्याला लिवतीस?"

"हो."

"वाच."

मी वाचलं. सगळं, भाऊबीज, वाल, सहदेव, सही. तिच्या तोंडचं आलं तिथे मी ओळ गाळायला गेले, तर म्हणाली, "वाच वाच, मी तसंच बोल्ले." संपल्यावर ती खाली बसून आवळ्यांची देठं काढू लागली. मला वाटलं, आता उठून जाईल.

"चिंचेनीच घासला आसं लिवलंस."

"तूच म्हणालीस."

"नुसती चिंच नव्हती. मीठ व्हतं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "घरच्या भांड्यास्नी आपन चिंच नि राख लावतो. देवाच्या उपकरण्यांस्नी चिंच नि मीठ. मी त्या बुशांस्नी बी मीठ लावलं. भरपूर लावलं. ते बी लिव."

दादा, पुढचं तुला समजावून सांगायला नको. चिंच वरची कातडी काढते. मीठ आत शिरतं, बसून राहतं आणि धातू आतून पोखरत राहतं. मी केमिस्ट्री शिकले आणि हे विचारायचं मला सुचलं नाही. पुण्याला नुसती चिंच कळली असती तर त्यांनी बुश एका तऱ्हेने तपासले असते आणि त्यातले काही पास करून परत बसवलेही असते. मिठाचं कळल्यावर तसं करता येणार नाही.

आईला मी म्हटलं, "आई, मीठ सांगितलं तर जास्त वाईट होईल."

"मला काय म्हाईत नाय?" ती म्हणाली. "म्हनून तर आलेय." आणि आवळे घेऊन अंगणात गेली. आत्ता तिचा आवाज येतो आहे, निशाला म्हणते आहे, "आत्तीला हाक मार, मंगळाष्टका कोन म्हननार? मला पाठ नाय."

जाते.

तुझी सही माझ्या हाताने खोटी ठरवणारी, तरीही तुझीच,
अनू

ता. क. उद्यासाठी मलाच सूचना : पुण्याशी बोलताना चिंचेपाशी थांबायचं नाही, मीठही सांगायचं.